पोरांना आधी पंपाजवळ उभं करा, मग सॉफ्टवेअर शिकवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी कागल तालुक्यातला, साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, बावीस वर्षं झाली. सध्या ऑफ सिझन आहे, मिल उघडून ठेवलीय, पॅन (रस आटवून साखर पाडायची भांडी) मोकळे आहेत, आणि याच दिवसात डिप्लोमावाली पोरं ट्रेनिंगला येतात म्हणून हे पत्र लिहायला बसलो. यंदा आलेला एक पोरगा पुण्यात क्लास लावून वंडरवेअर सिस्टम प्लॅटफॉर्म, म्हणजे प्लँट कॉम्प्युटरवरून बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, शिकून आलेला, आता ते अवेवाच्या नावाने मिळतं. हुशार पोरगा, टेम्प्लेट म्हणजे साचा काढणं, त्यातून इन्स्टन्स म्हणजे प्रती पाडणं, त्या डिप्लॉय करून चालू करणं सगळं पटापट येतं, पण बॉयलिंग हाऊसमध्ये नेऊन म्हटलं की बाबा याचं सॉफ्टवेअरमधलं मॉडेल कुठून सुरू करशील, तर गप्पच.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या स्काडात, म्हणजे प्लँटवर कॉम्प्युटरवरून नजर ठेवायच्या सिस्टममध्ये, सगळा खेळ टॅगचा, टॅग म्हणजे एकेका सिग्नलचं नाव. एका पंपाला चालू, ट्रिप, ऑटो, अँपिअर, तास असे सहा-सात टॅग, चाळीस पंप असले की अडीचशेच्या वर टॅग, आणि ते एकेक टाईप करायचे. मी ते केलंय. भर हंगामात एकदा लाईटचा झटका आला की खोटे ट्रिप अलार्म वाजायचे म्हणून सगळ्या पंपांना दोन सेकंदाचा डिले टाकायचा ठरलं, रात्रभर बसून एकेक उघडत गेलो आणि पहाटे पहाटे एका ठिकाणी दोनच्या जागी दोनशे पडले. तो नेमका इंजेक्शन पाण्याचा, म्हणजे पॅनचा व्हॅक्युम टिकवणारा पंप. पुढच्या आठवड्यात तो ट्रिप झाला आणि अलार्म आला तीन मिनिटांनी, तोवर पॅनचा व्हॅक्युम उतरलेला आणि पॅन चालवणारा पॅनमन माझ्या नावाने ओरडत खाली आलेला. त्याचं बरोबरच होतं, चूक माझीच होती.

वंडरवेअरसारख्या ऑब्जेक्टवाल्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम एकदाच करायचं. पंपाचा एक टेम्प्लेट, त्याच्या नावापुढं डॉलरचं चिन्ह असतं, त्यातच त्याचे अलार्म, त्याची स्क्रिप्ट, त्याचं चित्र, आणि त्यातून चाळीस इन्स्टन्स. डिले टेम्प्लेटमध्ये बदलून लॉक केला की चाळीसच्या चाळीस ठिकाणी तोच जातो. अँपिअरची लिमिट मात्र लॉक न करता सोडायची कारण प्रत्येक मोटर वेगळी. पण काय लॉक करायचं आणि काय सोडायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते प्लँट माहीत असलेला माणूसच सांगतो, आणि माझं सगळं म्हणणं इथंच आहे.

त्या पोराने सरावासाठी लॅपटॉपवर पंपाचा टेम्प्लेट केला आणि त्यात अट घातली की डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद असेल तरच पंप स्टार्ट होणार. चुकीचं नव्हतं, रसाचा पंप सेंट्रिफ्युगल असतो, तो व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू केला की मोटरवर लोड कमी येतो, मग हळूहळू उघडायचा. आमचे फिटर मामा मागे उभे होते, ते म्हणाले, "आरं हेच मळीच्या पंपाला लावलास तर पंप फोडशील की!" पोराला कळेना. मामांनी त्याला हाताला धरून खाली नेलं, तिथं मळीचा गिअर पंप दुरुस्तीला उघडलेला होता, दातांत अजून काळी मळी चिकटलेली. म्हणाले फिरव हाताने. त्याने फिरवला. प्रत्येक फेऱ्याला तेवढा माल पुढं ढकलला जाणारच, मळी काय दबत नाही, पुढं व्हॉल्व्ह बंद असला तर प्रेशर चढत जाणार, रिलीफ व्हॉल्व्हने वाचवलं तर वाचवलं नाहीतर ग्लँड (शाफ्टचं सील) तरी जाणार नाहीतर कपलिंग तुटणार. पोरगा हात पुसत वर आला आणि कुणी न सांगता त्याने टेम्प्लेट फोडला. वर नुसता पंप, त्यात चालू-ट्रिप-तास, आणि त्याच्या खाली दोन, एक सेंट्रिफ्युगल, एक गिअरवाला, दोघांच्या स्टार्टच्या अटी एकमेकींच्या उलट. पुस्तकात याला इनहेरिटन्स म्हणतात. मामांनी तो शब्द कधी ऐकलेला नाही, पण ती विभागणी त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून आहे.

पॅनचंही तसंच. पॅन म्हणजे एक ऑब्जेक्ट आणि त्याच्या पोटात स्टीमचा व्हॉल्व्ह, फीडचा व्हॉल्व्ह, व्हॅक्युम, लेव्हल, टेंपरेचर. पोटातल्या स्क्रिप्टमध्ये पॅनचा नंबर लिहायचाच नाही, 'माझा स्टीम व्हॉल्व्ह' असंच लिहायचं, म्हणजे उद्या आणखी एक पॅन वाढला तर तो सगळा गोतावळा घेऊनच येतो. प्लँटची अशी युनिट, त्याखाली इक्विपमेंट मॉड्युल, त्याखाली कंट्रोल मॉड्युल अशी उतरंड आयएसए-८८ या स्टँडर्डमध्ये १९९५ सालीच मांडलीय. पण ग्रेन (साखरेचा दाणा) कधी धरायचा, फीड कधी सोडायचं, पॅन कधी टाईट करून खाली सोडायचा हे काचेवर नमुना घासून बघणाऱ्या पॅनमनलाच विचारावं लागतं.

म्हणून आपल्या पेपरमधून आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या सरांना आणि कारखान्यांच्या संचालकांना विनंती आहे, ऑफ सिझनचे हे महिने वाया घालवू नका. पोरांना कॉलेजमध्ये लॅडर (कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग) शिकवता ते चांगलंच आहे, पण निदान पंधरा दिवस फिटर आणि पॅनमनच्या हाताखाली द्या आणि लॅपटॉप न उघडता कागदावर प्लँटचं झाड काढायला लावा, कोण कुणाच्या पोटात, कोण कुणासारखा आणि कुठं वेगळा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतही हेच लागू आहे, तिथं इंडक्शन फर्नेस आणि सँड प्लँट आहेत. सॉफ्टवेअरचं लायसन महाग आहे हे कारण सारखं ऐकतो. सरावाला ते लागतंच असं नाही, इग्निशन नावाच्या स्काडाचं ट्रायल दोन तास चालतं आणि संपलं की परत सुरू करता येतं, त्यात यूडीटी म्हणून हाच साच्याचा प्रकार आहे, कंट्रोलर प्रोग्रॅमिंगचं कोडेसिस तर फुकट डाउनलोड होतं आणि त्यात एका फंक्शन ब्लॉकवरून (प्रोग्रॅमच्या तुकड्यावरून) दुसरा काढता येतो. कल्पना तीच, नुसती बटणं वेगळी.

आमचे फिटर मामा येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत. म्हणजे हा ऑफ सिझन आणि एक हंगाम, एवढंच हातात आहे. ज्या कॉलेजला पोरं पाठवायची असतील त्यांनी मोळी टाकायच्या आधी पाठवावीत, एकदा गाळप सुरू झालं की मामांना श्वास घ्यायला वेळ नसतो आणि तो उघडलेला गिअर पंपही परत जोडून बसवलेला असेल.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन,
ता. कागल, जि. कोल्हापूर