‘लक्षणे नव्हती’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लक्षणे नसलेल्यांकडून करोनाचा प्रसार होतो हे निव्वळ थोतांड होते, असे मांडणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांनी आधार घेतला आहे तो वुहानमधील तपासणीचा. तिचे आकडे खरे आहेत. मात्र त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नाही.

१४ मे ते १ जून २०२० या काळात तेथे जवळजवळ ९९ लाख लोकांची तपासणी झाली, लक्षणे नसलेले ३०० जण बाधित आढळले आणि त्यांच्या निकट संपर्कातील १,१७४ जणांपैकी एकालाही लागण झालेली नव्हती. परंतु ही तपासणी कडक टाळेबंदीनंतर, साथ ओसरल्यावर झाली होती. त्या ३०० जणांच्या नमुन्यांत जिवंत विषाणू सापडला नाही आणि निम्म्याहून अधिकांच्या रक्तात प्रतिपिंडे होती, म्हणजे त्यांतील बऱ्याच जणांची लागण आधीच होऊन गेलेली होती. विझलेल्या चुलीतली राख चाचपून चूल पेटलीच नव्हती, असे म्हणता येत नाही.

याउलट, सिंगापूरमध्ये मार्च २०२० च्या मध्यापर्यंत स्थानिक लागण झालेल्या १५७ रुग्णांपैकी १० जणांना, ज्याला अजून लक्षणे दिसलेली नव्हती अशा व्यक्तीकडून लागण झाल्याचे एकेका रुग्णाचा माग काढून दाखवले गेले. आकडा लहान असला तरी त्यातून हा प्रसार घडतो हे दिसते.

खरी अडचण ‘लक्षणे’ या शब्दातच आहे. जानेवारी २०२० मध्ये जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात शांघायहून आलेल्या एका महिलेकडून सहकाऱ्यांना लागण झाली आणि तिला लक्षणे नव्हती, असे एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. लेखकांनी तोपर्यंत त्या महिलेशी प्रत्यक्ष बोलणेच केले नव्हते. नंतर तिला विचारल्यावर कळले की तिला थकवा होता, अंग दुखत होते आणि तिने तापाची गोळीही घेतली होती.

हे वाचताना मला सोलापुरातील विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील घरे आठवली. २०२० मध्ये शिक्षिका म्हणून घरोघरीच्या सर्वेक्षणाचे काम माझ्याकडे होते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला उंबऱ्यातून विचारायचे, ‘ताप, खोकला आहे का?’ आणि ‘नाही’ म्हटले की रकाना भरायचा. तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षे बसणाऱ्या बाईला कोरडा खोकला आजार वाटतच नाही, आणि कणकण सांगितली तर मजुरी बुडते. मी ‘लक्षणे नाहीत’ असे लिहिलेली एक बाई चौथ्या दिवशी सासूसह अंथरुणाला खिळली. तिचे ते ‘नाही’ मी कोणत्या रकान्यात धरायचे होते?

म्हणूनच एकूण प्रसारात लक्षणांविना होणाऱ्या प्रसाराचे प्रमाण इतके वेगवेगळे निघते. जानेवारी २०२१ मधील अमेरिकेतील एका गणिती प्रारूपाने लक्षणे नसताना होणारा प्रसार ५९ टक्के धरला. त्यातला ३५ टक्के लक्षणे दिसण्यापूर्वीचा आणि २४ टक्के कधीच लक्षणे न दिसलेल्यांचा होता, आणि हे सारे काही गृहीतकांवर उभे होते. ब्रिटनमध्ये तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम लागण करून, दिवसातून तीनदा लक्षणांची नोंद घेतली, तेव्हा बाहेर पडलेल्या विषाणूंपैकी पहिल्या लक्षणापूर्वीचे अवघे ७ टक्के भरले. घशातली खवखवसुद्धा लिहून घेतली की ‘लक्षणांपूर्वी’चा काळ आपोआप आखडतो.

माझ्या मते, आजारी पडण्याच्या बेतात असलेल्यांकडून प्रसार होतो हे सिद्ध आहे. कधीच लक्षणे न दिसणाऱ्यांकडून तो बराच कमी होतो, पण शून्य नाही. पुढच्या साथीत सर्वेक्षण करायचे तर ते तेलुगू आणि कन्नडमध्येही व्हावे, ‘नेहमीपेक्षा वेगळा खोकला आहे का’ असे विचारले जावे, आणि खरे सांगणाऱ्या विडी कामगार बाईची त्या दिवसांची मजुरी तिला मिळावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर