पोह्यांवर लगेच चहा नको

महोदय,

नाश्त्याला पोहे चांगलेच; पण वर लगेच चहा घेतला की त्यातले टॅनिन पोह्यांतले लोह अडवून धरते आणि ते पुरेसे अंगी लागत नाही. ज्या घरात वाढत्या मुली किंवा गरोदर स्त्रिया आहेत, तिथे तरी चहा तासभर पुढे ढकलावा. लिंबू मात्र लोह शोषायला मदत करते. ते गॅस बंद केल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व कमी होते.

नुसत्या पोह्यांत प्रथिने कमी. चौघांच्या पोह्यांत वाटीभर मोड आलेली, वाफवलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे घालावेत. मटकी ८-१० तास भिजवून, पूर्ण निथळून मगच फडक्यात बांधावी. पाणी राहिले की ती बुळबुळीत होते, आंबूस वास येतो. अशी मटकी धुऊनही वापरू नये, टाकूनच द्यावी.

– एक वाचक, सातारा