डाव्या मुठीचं मीठ

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चल गं, चहा टाक" म्हणून उठून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. ऐरोलीला तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. आपल्या नौपाड्याच्या बिल्डिंगमधली मंडळी आता कुठे कुठे पांगली आहेत, तीही वाचतील. त्या आठवड्यात आमच्या घरात काय चाललं होतं, ते त्यांनाही कळू दे.

१८ मे २०२५, रविवार. सकाळी जांभळी नाक्यावरून दहा किलो राजापुरी कैरी आली आणि दुपारी आई जिन्यात पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. मी कळव्याला, दादा पुण्याला, आणि मला ऑफिसातून शनिवारपर्यंत सुट्टी मिळेना. आईला मात्र हातापेक्षा त्या कैऱ्यांचंच लागलं होतं. बाबा गेले त्या वर्षीही तिने लोणचं चुकवलं नव्हतं. "वाटून टाक सगळ्या बिल्डिंगमध्ये," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सोमवारी सकाळी साडेसातला तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली आलात. काही विचारलं नाहीत, सांगितलं नाहीत. पदर खोचलात आणि कुकर लावलात.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला बुधवार उजाडला. सोमवारी मऊ वरणभात, मंगळवारी खिचडी-कढी, बुधवारी तुमच्या जळगावकडची शेवभाजी आणि तीत कुस्करलेली कळण्याची भाकरी. आठवडाभर ताटात असं काहीही आलं नाही जे डाव्या हाताने, चमच्याने खाता येणार नाही. पोळी नाही, शेंगांची आमटी नाही. आईला कोणी भरवावं लागलं नाही. भरवून घ्यायची वेळ आली असती तर ती किती खचली असती, हे मी मुलगी असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुमच्या आलं होतं.

दुसरं म्हणजे तुम्ही आमच्या स्वयंपाकघरातला एक डबासुद्धा जागचा हलवला नाहीत. "वहिनी, हिंग कुठला घेऊ, डबीतला की खड्याचा?" "वहिनी, आमटीला गूळ आत्ता की नंतर?" तुम्हाला काय माहीत नव्हतं! पण दर वेळी विचारायचात, आईला आतून उत्तर द्यावं लागायचं, आणि मंगळवारी संध्याकाळी ती आपण होऊन ओट्याजवळ खुर्ची टाकून बसली.

कैऱ्या तुम्ही पहिल्याच दिवशी निवडल्या होत्यात. एकेक हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघत होता. पाडाला लागलेल्या एका बाजूला, कडक पाच किलो पलंगाखाली सुट्या पसरून, एकीला दुसरी लागू न देता. मऊ पडलेल्यांचं मंगळवारी पन्हं आणि मेथांबा झाला, बुधवारी रात्री मी ऑफिसातून आल्यावर साखरांबा. पाक एकतारीच्या पुढे गेलाय का, हे आईने खुर्चीवरून नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगितलं. तुम्ही बोटांत ताणून पाहिलंत आणि गॅस बंद केलात.

लोणचं मात्र तुम्ही शनिवारवर ढकललंत. "अडकित्त्याला गड्याचा हात पाहिजे," म्हणालात आणि तुम्हीच दादाला फोन लावलात. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची होती, दोन-तीन वर्षं आई कुणाकडे राहणार यावरून आम्हा बहीणभावंडांत पाडव्यापासून अबोला होता. तुम्हाला ते ठाऊक होतं. भिंती पातळ होत्या आपल्या.

शुक्रवारी बरणीचा घोळ झाला. चिनी मातीची मोठी बरणी मी धुऊन, पुसून, कोरडी समजून ठेवली होती. तुम्ही कोपरापर्यंत हात आत घातलात, तळ चाचपलात आणि म्हणालात, "ओल आहे." त्या दिवसांत वळवाच्या सरी येत-जात होत्या, गच्चीवर ऊन धड टिकत नव्हतं. मग तुम्ही जुन्या तव्यात निखारा केलात, त्यावर हिंगाचा खडा टाकलात आणि धूर वर यायला लागल्यावर बरणी पालथी धरलीत. दोन्ही हातांत फडकी, चेहरा बाजूला, दहा मिनिटं तशाच उभ्या. लोणच्याचं वैर पाण्याशी, एवढं मी ऐकून होते. एक थेंब आत राहिला की बुरा येतो आणि वर्षाची बेगमी जाते. पण त्या थेंबासाठी कुणी इतकं उभं राहतं हे पहिल्यांदा पाहिलं. घरभर हिंगाचा वास. आई म्हणाली, "माझी सासू असंच करायची." त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

आणि मग शनिवार. दादा सकाळच्या गाडीने आला, तुम्ही त्याला बॅग ठेवायलासुद्धा वेळ दिला नाहीत. बाबांचा मोठा अडकित्ता त्याच्यापुढे, कोयीची पातळ साल काढायचं काम माझ्याकडे, मधे वर्तमानपत्र. खाली बघूनच काम करायचं असतं ते, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पहिला किलोभर कोणी बोललं नाही. मग दादा म्हणाला, "बाबा एका दणक्यात दोन करायचे." मी म्हटलं, "आणि आई ओरडायची, बाठा चुरतो म्हणून." तिथून सुरू झालं. चौथ्या किलोला तो आईलाच म्हणाला, "तुला कुठे राहायचंय ते तू सांग ना." इतक्या महिन्यांत हे तिला आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. तिला ठाण्यातच राहायचं होतं, तलावपाळीवर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तुम्ही तेव्हा आत मोहरीची डाळ निवडत होता. बाहेर आला नाहीत.

मीठ घालायची वेळ आली तेव्हा सगळं अडलं. आईचं माप मुठीत. किलोला तीन मुठी मीठ, तेवढंच तिला माहीत, आणि ती मूठ प्लास्टरमध्ये. आम्ही म्हटलं, काकू, तुमच्या मापाने घाला. तुम्ही मान हलवलीत. "माझं घातलं तर माझं लोणचं होईल. तुमच्याकडचं नको का?" तुमच्याकडे बडीशेप, लसूण पडतो, आणि मृगाचा एखादा पाऊस झाल्याशिवाय तुम्ही लोणच्याच्या कैरीला हात लावत नाही, हे तुम्हीच कधीतरी सांगितलं होतंत. ते सगळं तुम्ही बाजूला ठेवलं होतंत.

तुम्ही वजनकाटा आणलात आणि आईला डाव्या हाताने मीठ घ्यायला लावलंत. पहिली मूठ अठ्ठावन्न ग्रॅम, दुसरी त्रेसष्ट, तिसरी एकसष्ट. आई म्हणाली, डावी मूठ लहान भरते, उजवीत जास्त मावतं. मग एका किलोच्या फोडींना तेवढं मीठ चोळून तुम्ही तिला खार चाखायला दिलात. ती डोळे मिटून बसली. "थोडं अजून." पुन्हा चाखलं. "अजून किंचित." किलोला दोनशे ग्रॅमवर ती थांबली. मोहरीची डाळ शंभर, तिखट पन्नास, सगळं असंच तिच्या हातातून काट्यावर गेलं, आणि तुम्ही दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेत होता. आमच्या घरात आजवर हे कधी कागदावर आलं नव्हतं. आजीच्या मुठीतून आईच्या मुठीत आलं होतं, पुढे माझ्या मुठीत यायचं राहूनच गेलं होतं.

फोडणी रात्रभर गार होऊ दिली. मी घाई करत होते, तेव्हा तुम्ही सांगितलंत, गरम तेल पडलं की मोहरीचा झणका जातो. रविवारी दुपारी बरणी भरली, फोडींच्या वर बोटभर तेल आलं, दादाने दादरा बांधला. दुसऱ्या दिवशी, २६ मेला, मान्सून मुंबईत दाखल झाल्याची बातमी आली. दर वर्षी ११ जूनच्या आसपास यायचा तो सोळा दिवस आधीच. मुसळधार कोसळत होता, तुम्ही छत्री घेऊन दूध आणायला निघाला होता आणि जिन्यातून ओरडलात, "वहिनी, एका दिवसाने हुकला बघा माझा पाऊस!"

काकू, डबे देणारे खूप भेटले त्या दिवसांत, त्यांचेही आभार आहेतच. तुम्ही आमच्या घरात आठवडाभर राबलात आणि घर आईचंच राहू दिलंत. त्याला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही.

आई आता पाचपाखाडीत आहे, भाड्याच्या घरात. सामान टेम्पोतून आलं, बरणी नाही आली. ती आईने रिक्षात मांडीवर घेऊन आणली, दोन्ही हातांनी धरून. तुमच्यासाठी एक बाटली भरून ठेवली आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघी गाडीने ऐरोलीला येतो. जेवायला काही करू नका म्हटलं तरी तुम्ही कराल, तर कळण्याची भाकरी करा. आता आई हाताने तोडून खाईल.

वहीपण आणते आहे. प्लास्टर निघाल्यावर आईने पहिल्यांदा पेन धरलं ते त्याच पानावर. तुमच्या अक्षराखाली तिचं वाकडंतिकडं अक्षर आहे: "मीठ दोनशे पाच. उजव्या मुठीने मोजून पाहिलं."

तुमची,
पहिल्या मजल्यावरची