बाबा, मुदत संपलेली नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आईला वाटेल. पण फोनवर बोलणं भराभर चालतं, बाबांना मध्ये शिरता येत नाही आणि मग ते फोन आईच्या हातात देऊन टाकतात. आई, हे पत्र तू त्यांना सावकाश वाचून दाखव. एका बैठकीत संपवायची घाई नको. एक वाक्य झालं की थांब, त्यांच्या चेहऱ्याकडे बघ, मगच पुढे जा. आणि बाबा, जिथे पटणार नाही तिथे हात वर करा.

मागच्या तपासणीला तुम्हाला सांगण्यात आलं, 'पक्षाघाताला सहा महिने होऊन गेले, बोलणं आता आलं तेवढंच.' तेव्हापासून बाबांनी शब्दांची वही उघडलेली नाही, असं आई म्हणाली. ते वाक्य अर्धवट आहे. त्याच्या भरवशावर बाबांनी बोलणं सोडून द्यावं, हे मला मान्य नाही. गेले काही आठवडे रात्री बसून मी जे वाचलं, जाणकारांना विचारून घेतलं, ते सगळं या पत्रात लिहिते आहे.

आधी त्या वाक्यातलं खरं तेवढं सांगते. अंगावरून वारं गेल्यावर, म्हणजे पक्षाघात झाल्यावर, पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगाने होते. मेंदूची सूज उतरते, रक्त कमी पडल्यामुळे गप्प झालेल्या पण जिवंत असलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. पुढे वेग मंदावतो. मेलेला भाग परत उगवत नाही, हेही खरं. पण त्याच्या आजूबाजूचा मेंदू आणि काही प्रमाणात दुसऱ्या बाजूचा मेंदू ते काम शिकून घेऊ शकतो. हे शिकणं सहा महिन्यांनी बंद पडतं, असं नाही. बंद पडतं ते बहुतेक वेळा शिकवणं.

जर्मनीतला एक अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात १५६ माणसं होती, सत्तरीपर्यंतची, सगळी वाचाघात झालेली, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा अडलेली, आणि प्रत्येकाला पक्षाघात होऊन सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ लोटलेला. म्हणजे 'आता आलं तेवढंच' असं ज्यांना सांगून मोकळं होतात, नेमकी तीच माणसं. निम्म्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास स्पीच थेरपी दिली. बाकीच्यांना तेवढा काळ थांबायला लावलं. थांबलेल्यांच्या बोलण्यात फरक पडला नाही. थेरपी घेतलेल्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं, आणि पुढच्या सहा महिन्यांत ती कमाई टिकलीही. बाबा, तुमचं वयही त्यात बसतं.

आता आपल्याकडे काय झालं ते बघा. आठवड्यातून एकदा, जेमतेम अर्धा तास, तोही टॅक्सी मिळाली तर. एवढ्याशा थेरपीवरून बाबांचं काय येणार आणि काय नाही, हे कुणी ठरवू नये. ती सगळी माणसं लख्ख बोलायला लागली असं मी म्हणणार नाही, तसं झालेलं नाही. फरक लहान होता. पण 'पाणी' म्हणून पाणी मागता येणं, दाराशी आलेल्या माणसाला नावाने हाक मारता येणं, हे आपल्या घरात लहान नाही.

बाबा, तुम्ही आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेत, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, खिळे हरवलेले नाहीत. सगळी अक्षरं आपापल्या खणात आहेत, फक्त हात ऐन वेळी योग्य खणापर्यंत पोचत नाही. म्हणूनच चहाचा कप समोर दिसत असतो, कप म्हणजे काय ते पुरतं ठाऊक असतं, आणि तोंडून भलताच शब्द बाहेर येतो. त्याने तुमचा संताप होतो. बुद्धी गेलीय असं चाळीतल्या काहींना वाटतं, ते साफ चूक आहे. समोरच्याने वाक्य तोडून पुरं करू नये, थांबावं, हे मी सगळ्यांना सांगणार आहे. मुलांनाही सांगितलं आहे.

गणपतीत बाबा अख्खी आरती म्हणाले आणि आईला रडू आलं, ते मी विसरलेले नाही. बोलता येत नाही पण गाता येतं, हे डॉक्टरांच्या फार जुन्या ओळखीचं आहे. पाठ झालेलं गाणं मेंदू बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने बाहेर काढतो, त्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो असं मानतात. त्यावरून अमेरिकेत १९७३ साली एक उपचारपद्धत निघाली. रोजच्या वापरातलं छोटं वाक्य सुरात म्हणायचं, डाव्या हाताने ताल धरायचा, आणि हळूहळू सूर काढून घेत साध्या बोलण्यावर यायचं. नुसत्या आरत्या म्हणून बोलणं परतत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. सुरात म्हणायचं ते 'चहा दे', 'खिडकी उघड', 'पाठ दुखते'. ते बसवून घ्यायला शिकलेला माणूस लागतो.

उजव्या हाताचंही थोडं सांगते. बोटं आणि मनगट जरा तरी मागे उचलता येत असेल तर चांगल्या हातावर जाड मोजा चढवून अडलेल्या हातालाच काम करायला लावायचं, अशी पद्धत आहे. २००६ साली तिची मोठी चाचणी झाली. रुग्ण २२२, पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा आणि रोज तासन्‌तास सराव. हाताचा वापर वाढला आणि वर्षभराने तपासलं तेव्हाही तो टिकून होता. २०२१ साली इंग्लंड-अमेरिकेत १०८ जणांच्या मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला व्यायाम चालू असतानाच बारीक विजेचे ठोके दिले, काहींना खरे, काहींना तुलनेसाठी खोटे. नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत जुने पक्षाघात. खरे ठोके मिळालेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांचा हात ठरवलेल्या मापाइतका सुधारला, खोटे ठोके मिळालेल्यांत २४ टक्क्यांचा. त्यासाठी छातीत यंत्र बसवावं लागतं. आपण त्याच्या मागे धावावं असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षं जुना हातही शिकतो, हे बाबांच्या कानावर पडायलाच हवं होतं.

कॅलिफोर्नियातल्या त्या बाईची बातमीही आईने मला पाठवली होती. ती खरी आहे. पक्षाघाताने अठरा वर्षं मुकी झालेली बाई, मेंदूवर २५३ टोकांची पातळ पट्टी, आणि संगणक तिच्या मनातलं मिनिटाला ७८ शब्दांच्या वेगाने बोलून दाखवतो, तेही तिच्या लग्नातल्या ध्वनिमुद्रणावरून घडवलेल्या तिच्याच आवाजात. ते २०२३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. पण तिची भाषा शाबूत होती, तोंडाचे स्नायू चालत नव्हते. बाबांचं तसं नाही, त्यामुळे ते यंत्र आज बाबांच्या कामाचं नाही. वाईट वाटलं तरी हे आत्ताच सांगितलेलं बरं.

आई, आता हे तुझ्यासाठी आहे. इतके महिने तू पहाटे उठून त्यांचा हात-पाय चोळतेस, व्यायाम करून घेतेस, वही घेऊन बसतेस, आणि सुधारणा दिसली नाही की 'माझंच काहीतरी चुकतंय' म्हणतेस. २०१७ सालीच आपल्या देशातल्या १४ रुग्णालयांमध्ये एक अभ्यास झाला, साडेबाराशे रुग्णांचा. निम्म्यांच्या घरच्या माणसाला रीतसर शिकवून घरी व्यायाम करून घ्यायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्हीकडे सारखेच निघाले, सुमारे ४७ टक्के. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. घरच्यांनी जीव तोडून केलं, शिकून केलं, तरी प्रशिक्षित थेरपिस्टची जागा त्याने भरून निघाली नाही. म्हणून आई, कमी पडली ती व्यवस्था. जे काम एका बाईने एकटीने करायचंच नव्हतं, ते तू उचललंस. आता त्यातला थेरपीचा भाग तुझ्या हातून काढून घ्यायचा आहे. तू त्यांच्याशी बोल, पेपर वाचून दाखव, भांड. तेवढं फक्त तूच करू शकतेस.

बाबा तासन्‌तास खिडकीशी बसतात आणि जेवणात मन नसतं, याकडे 'स्वभाव झालाय' म्हणून बघू नकोस. पक्षाघात झालेल्यांतल्या जवळजवळ एकतृतीयांश माणसांना नैराश्य येतं. त्यावर उपचार आहेत आणि ते डॉक्टरांना विचारून घ्यायचे. नैराश्यावरच्या गोळ्यांतलीच एक गोळी हातापायाची ताकद परत आणते, अशी आशा २०११ मधल्या एका छोट्या चाचणीने दाखवली होती. २०१८ मध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं तेव्हा ती आशा टिकली नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून शेजारच्या काकांच्या चिठ्ठीवरची गोळी नको. आणि गावाहून कुणी कबुतराच्या रक्ताने चोळायला सांगितलं, तर हात जोडून नाही म्हण. त्याने नस मोकळी होत नाही आणि एक जीव उगाच जातो.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरांत लिहून दारामागे लाव. पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं आणखी अडखळलं, तर ते पाच मिनिटांत ओसरलं तरी ॲम्ब्युलन्सचा १०८ लावायचा. वेळ घड्याळात बघून लिहून ठेवायची. मेंदूच्या नसेतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देतात, आणि मोठ्या नसेतली गुठळी तारेने ओढून काढणं काही रुग्णांत चोवीस तासांपर्यंत जमतं, पण उशीर होत जाईल तसा मेंदू जातो. जिभेखाली बीपीची गोळी ठेवायची नाही, ॲस्पिरिनही द्यायची नाही. चीनमध्ये ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून पाहिलं, २०२४ मध्ये निकाल आला. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला, गुठळी असलेल्यांचं नुकसान. सीटी स्कॅनशिवाय दोन्हींतला फरक घरात कुणालाच कळत नाही. आपल्या मुंबईतच २००५-०६ मध्ये दीड लाखांहून जास्त वस्तीत घरोघर नोंदी घेतल्या होत्या, त्यात सुमारे ८० टक्के गुठळीचे निघाले आणि १८ टक्के रक्तस्रावाचे. पाचातला एक, म्हणजे अंदाजावर सोडायची गोष्ट नाही. जिन्यावरून उतरवायला मंडळातली मुलं तयार आहेत, खुर्चीला बांधायचा पट्टाही आणून ठेवला आहे. बाबांची रोजची बीपीची गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून एक दिवसही चुकवायची नाही, आणि तुझंही बीपी त्याच यंत्रावर मोजायचं.

आता पुढचं. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे हातासाठी दाखवू. बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे आणि आपल्या गिरगावातून जवळ म्हणजे नायर रुग्णालय. नायरमध्ये वाचा-उपचाराचं शिक्षणही देतात. तिन्हीकडे चौकशी करून, जिथे आठवड्यात जास्तीत जास्त तास मिळतील तिथे नाव घालते. घरी येणारी थेरपिस्ट मिळाली तर बाकीचे दिवस तिचे. पैशांचं मी आणि दादाने बोलून ठेवलं आहे, त्यावर चर्चा नको. तीन आठवडे जोर लावून करायचं, आणि आधी-नंतरचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, म्हणजे फरक पडला की नाही हे कुणाच्या मतावर राहणार नाही.

आई, डिस्चार्जचा कागद, सीटीच्या फिल्म आणि सध्याच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ठेव. मी सोमवारी सकाळी आठला येते. बाबा, तुम्ही दाढी करून तयार राहा, आणि ती वही बरोबर घ्या.

तुमची,
सुजू