‘टी४८० ला चालेल’ म्हणून पाठवलेल्या दोन स्क्रीन परत नेऊन पैसे देण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
लॅपटॉप सुटे भाग विक्री विभाग

विषय : थिंकपॅड टी४८० साठी पाठवलेल्या दोन चुकीच्या स्क्रीन परत नेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.
संदर्भ : सोबत जोडलेले बिल व खरेदीपूर्वीच्या चॅटची प्रत.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेचे शेवटचे उत्तर असे आले : “कम्पॅटिबिलिटी तपासणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.” तक्रार तुमच्या कॉम्प्युटरवर बंद झाली असेल. दोन्ही स्क्रीन माझ्या टेबलावर तशाच पडून आहेत आणि पैसे तुमच्याकडे आहेत. म्हणून हे पत्र थेट आपल्या हुद्द्यावर, स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

नागपूरच्या इतवारीत माझे कर सल्लागाराचे छोटे ऑफिस आहे. किराणा आणि धान्याचे ठोक व्यापारी, कळमन्याचे काही अडते, अशी आमची पक्षकार मंडळी. काम सगळे एक्सेलवर आणि जीएसटी पोर्टलवर. त्यासाठी लेनोव्होचे थिंकपॅड टी४८० हे जुने, कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेले लॅपटॉप घेतले. मॉडेल २०१८ चे आहे, पण दणकट आहे, रॅम वाढवता येते, एक बॅटरी बाहेरून काढता येते आणि सुटे भाग मिळतात, असा आमचा हिशेब. त्यातल्या एका लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची होती. तिच्यावर खरेदीची नोंदवही आणि पोर्टलचे २बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची यादी) शेजारी शेजारी उघडले की रकमेचा कॉलम पडद्याबाहेर जातो. दुसऱ्याची फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० ची होती, ती बसच्या गर्दीत बॅगेत दबून तडकली. दोन्हींसाठी एकसारख्या स्क्रीन मागवायचे ठरले.

मागवण्याआधी मी काय केले ते नीट वाचावे, कारण तुमचे सगळे उत्तर “ग्राहकाने तपासले नाही” यावर उभे आहे. बर्डीवरच्या आमच्या कारागिराने तडकलेली स्क्रीन उघडली. मागच्या लेबलवर ‘एलपी१४०डब्ल्यूएफ’ने सुरू होणारा क्रमांक होता, म्हणजे एलजी डिस्प्लेचे १४ इंची फुल एचडी पॅनल. खाली ३० पिनांचा कनेक्टर. त्या लेबलचा आणि कनेक्टरचा फोटो मी तुमच्या चॅटवर टाकला आणि लिहिले : १९२० बाय १०८०, आयपीएस, मॅट, टच नको, ३० पिन ईडीपी, दोन नग. आयपीएस म्हणजे कोनातून पाहिले तरी रंग न बदलणारे पॅनल, ईडीपी म्हणजे पॅनलला चित्र पोहोचवणाऱ्या जोडणीचा प्रकार. तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर : “येस सर, १०० टक्के कम्पॅटिबल आहे, टी४८० ला चालेल, ऑर्डर करा.” याहून जास्त तपासणी ग्राहकाने कशी करावी, हे एकदा तुम्हीच सांगा.

पार्सलमधून जे निघाले ते असे.

पहिले पॅनल ४० पिनांचे, टचचे. लॅपटॉपची केबल ३० पिनांची. ४० पिनांचा कनेक्टर लांबीलाच मोठा असतो, त्यामुळे प्लग लावण्याचा प्रश्नच नव्हता. मी फोन केला तर तिकडून सल्ला मिळाला की जरा दाबून पाहा. आमच्या कारागिराने फोन स्पीकरवर ऐकला आणि म्हणाला, “काका, हे तं लागूनच नाही राहिलं. जबरदस्ती केली अन् पिना एकमेकींना भिडल्या, तं बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडन. मंग स्क्रीनचं सोडा, मदरबोर्डचंच पाहा लागन.” हा माणूस केबलला हात लावण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद करतो, बाहेरची काढून ठेवतो. त्याला “दाबून पाहा” सांगणाऱ्या तुमच्या तांत्रिक विभागाची मला काळजी वाटते.

नंतर ईमेलवर तोडगा आला की ४० पिनांची केबल वेगळी विकत घ्या, आमच्याकडेच मिळेल. टच किंवा २५६० बाय १४४० च्या पॅनलसाठी अशी केबल लागते, हे खरे. पण मी टच मागितला होता का? तुमचे चुकीचे पॅनल चालावे म्हणून मी तुमच्याचकडून केबल विकत घ्यायची, हा व्यापार मला इतवारीत इतकी वर्षे बसूनही शिकता आला नाही.

दुसऱ्या पॅनलची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ते चालते. ३० पिनांचे आहे, केबल लागली, चित्र आले, विंडोजने १९२० बाय १०८० दाखवले. माझ्या सहकाऱ्याने तेवढ्यावर कामही सुरू केले. मी उभा राहून त्याच्या खांद्यावरून पाहिले तर शीट पांढरी दिसली. न जुळणाऱ्या बिलांच्या ओळी आम्ही फिकट पिवळ्या करतो, त्या एकूण एक गायब. खुर्चीत बसलो तर पिवळ्या दिसल्या, झाकण थोडे मागे कलवले तर मातकट झाल्या. आमच्या टेबलाशी पक्षकार बाजूच्या खुर्चीवर बसून आपले आकडे पाहतो. त्याला कोनातून रंगच कळत नसतील तर ती स्क्रीन आम्हाला काय कामाची? आयपीएस पॅनल असे करत नाही. असे टीएन या दुसऱ्या जातीचे पॅनल करते.

आता पुरावा. पॅनलचा क्रमांक पाहायला मागची बाजू उलटली, तर बरोबर क्रमांकावरच तुमचे वॉरंटीचे स्टिकर. त्यावर लिहिलेले : “स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द.” स्टिकर चिकटवायला अख्खी पाठ मोकळी होती! मी ते काढलेले नाही, फोटो सोबत आहे. पण प्रत्येक पॅनल लॅपटॉपला आपली ओळख स्वतःच सांगत असते, तिला ईडीआयडी म्हणतात. ती वाचणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. तिच्यात निर्माता ‘सीएमएन’ म्हणजे इनोलक्स आणि क्रमांक ‘एन१४०एचजीई’ असा आला. हे १४ इंची फुल एचडी टीएन पॅनल आहे. इनोलक्सचे आयपीएस हवे असेल तर क्रमांक ‘एन१४०एचसीए’सारख्या अक्षरांनी सुरू होतो. तुमच्या बिलावर मात्र दोन्ही नगांपुढे ‘एफएचडी आयपीएस’ छापले आहे. त्या स्क्रीनशॉटवर तुमच्या प्रतिनिधीचे म्हणणे : “पण डिस्प्ले येतोय ना सर?”

डिस्प्ले येणे ही अगदी खालची पायरी झाली. बिझनेस लॅपटॉपची स्क्रीन विकणाऱ्याला हे मी सांगायला नको, तरी लिहितो, कारण घोळाचे मूळ तुमच्या संकेतस्थळावर आहे. तिथे ग्राहकाला मॉडेलचे नाव तेवढे विचारले जाते. पण टी४८० या एकाच नावाखाली एचडी टीएन, फुल एचडी आयपीएस, फुल एचडी टच आणि २५६० बाय १४४० अशा स्क्रीन कारखान्यातूनच लागून आल्या. कंपन्या असे लॅपटॉप घाऊक घेतात, प्रत्येकीची मागणी वेगळी, आणि काही वर्षांनी तेच जुन्या बाजारात आमच्यासारख्यांकडे येतात. तेव्हा ‘टी४८०’ एवढ्यावर स्क्रीन पाठवणे म्हणजे पाकिटावर ‘इतवारी, नागपूर’ एवढेच लिहून पोस्टात टाकणे. पोहोचायचे ठिकाण लागते ते पॅनलच्या पाठीवरच्या क्रमांकात. त्याच लेबलवर लेनोव्होचा एफआरयू, म्हणजे सुट्या भागाचा क्रमांक असतो, डेलच्या पॅनलवर तसाच डीपीएन असतो. तोही चालतो.

क्रमांक विचारल्यावरही पिना, त्यांची जात आणि बसवण्याची पद्धत पाहावी लागते. तुमच्या यादीत गाळणी नुसती ‘३० पिन / ४० पिन’ अशी आहे. एलव्हीडीएस या जुन्या जोडणीच्या पॅनललाही ४० पिना असतात आणि नव्या ईडीपी पॅनललाही. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उद्या कोणी जुन्या लॅपटॉपसाठी ४० पिन निवडेल आणि त्याचीही माझ्यासारखीच गत होईल. काही पॅनलना वर-खाली स्क्रूचे कान असतात, काही बिनकानांची टेपवर बसतात. १४ इंच म्हणजे १४ इंच नव्हे. दिसणारा भाग साधारण ३०९ बाय १७४ मिलिमीटरचा सारखाच असतो, पण बाहेरची चौकट काहींची ३१५ मिलिमीटर रुंद, काहींची ३२०. ब्राइटनेस, रंग यांचे तर मी बोलतच नाही, ते तुमच्या जाहिरातीत ‘प्रीमियम’ या एका शब्दात उरकले आहे.

पैसे परत न देण्याची तुम्ही तीन कारणे दिलीत.

एक, माल बसवून पाहिला म्हणून परत घेता येत नाही. न बसवता, विजेवर न लावता आयपीएस की टीएन हे कळणार कसे? क्रमांकावर तर तुम्हीच स्टिकर मारले आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे कलम ४१ सांगते की माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे धरता येत नाही.

दोन, बिलावर जीएसटी क्रमांक आहे, म्हणजे खरेदी व्यावसायिक, म्हणून ग्राहक कायदा लागू नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ग्राहकाची व्याख्या कृपया स्पष्टीकरणासकट वाचा. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक प्रयोजना’त धरत नाहीत. मी स्वतः टेबलावर बसून विवरणपत्रे भरतो, स्क्रीन विकायचा धंदा करत नाही. आणि वादापुरते तुमचे म्हणणे मान्य केले, तरी १९३० चा कायदा व्यापाऱ्यालाही आहेच. कलम १५ : वर्णन देऊन विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. कलम १६ : खरेदीदाराने माल कशासाठी हवा ते सांगितले आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे. मी फोटोसह सांगितले होते आणि तुम्ही “१०० टक्के” म्हणाला होतात.

तीन, परत पाठवायचेच तर कुरिअरचा खर्च आणि वाटेतली फूटतूट माझ्या माथी. याला कलम ४३ पुरे आहे. माल नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदारावर, वेगळे काही ठरले नसेल तर, तो परत पोहोचवण्याचे बंधन नाही, नाकारल्याचे कळवले की झाले. या पत्राने मी दोन्ही पॅनल नाकारल्याचे कळवत आहे. टीएन पॅनल काढून ठेवले आहे. त्या लॅपटॉपला सध्या बाहेरचा मॉनिटर जोडून काम रेटतो आहोत. २० तारखेच्या ३बी या जीएसटी विवरणपत्राला हे किती सोयीचे आहे, ते तुमच्या लेखा विभागाला विचारा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर ठळक असायला हवे, ते मला कुठेच सापडले नाही, म्हणून पत्रावर फक्त हुद्दा लिहिला आहे.

माझे मागणे मोजके आहे. दोन्ही पॅनलची बिलाप्रमाणे पूर्ण रक्कम, पाठवणीच्या खर्चासह, माझ्या बँक खात्यात जमा करावी. तुमचे ‘वॉलेट क्रेडिट’ नको. रीतसर क्रेडिट नोट द्यावी, म्हणजे मला माझ्या हिशेबात घेतलेली जीएसटीची वजावट उलटवता येईल. फुकट गेलेल्या उघडझाकीची कारागिराची मजुरी द्यावी, पावती जोडली आहे. बदली माल पाठवण्याचा प्रस्ताव आता स्वीकारणार नाही. एका पार्सलात दोन तऱ्हेची चूक करणाऱ्याकडून दुसऱ्या पार्सलाची वाट पाहण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. क्रमांकावर स्टिकर लावणे मात्र आजच बंद करा, ते माझ्यासाठी नाही, पुढच्या गिऱ्हाइकासाठी सांगतो.

एका महिन्यात पैसे आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते, तेव्हा तुमच्या शहरात खेटे मला घालावे लागणार नाहीत. या किमतीच्या तक्रारीला शुल्कही नाही.

पॅनल नेण्यासाठी माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, रविवारी बंद असते. पॅनल दोन्ही मूळ खोक्यांत, तुमच्या स्टिकरसह मिळतील. पोचपावतीवर सही केल्याशिवाय देणार नाही.

आपला,
एक कर सल्लागार, इतवारी, नागपूर
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत.)

सोबत : बिलाची प्रत, चॅटची प्रत, दोन्ही पॅनलचे फोटो, ईडीआयडीचा स्क्रीनशॉट, कारागिराची पावती.