मार्ताला काय येत नव्हतं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

लग्न ठरलंय, फार्मसीचं शेवटचं वर्ष नंतर बघू, असं तू फोनवर म्हणालीस. मला काही बोलता आलं नाही. रात्री ‘मार्ता’ पुन्हा काढली.

ही पोलिश लेखिका एलिझा ओझेश्कोवाची १८७३ ची कादंबरी. मार्ता वॉर्सातली तरुण विधवा, पदरी लहान मुलगी. चांगल्या घरात वाढलेली, थोडं फ्रेंच, थोडी चित्रकला, थोडं शिवणकाम येणारी. फ्रेंचची शिकवणी मिळते, पण आपल्याला पुरेसं येत नाही हे कळून ती स्वतःच सोडते. भाषांतर करते, ते परत येतं. दुकानात जाते, तर तिथे पुरुषच हवे असतात. शेवटी हातशिलाईच्या कारखान्यात चार पैशांसाठी डोळे फोडते. मुलगी आजारी पडते तेव्हा मार्ता चोरी करते आणि पळताना घोड्यांच्या गाडीखाली सापडते. ती आळशी नव्हती गं. तिला एकही गोष्ट शेवटपर्यंत कुणी शिकवली नव्हती. तेवढ्यावर मी कितीतरी वेळ थांबले.

एलिझाचंही लग्न सोळाव्या वर्षी झालं, दुपटीने मोठ्या जमीनदाराशी. पोलंडवर रशियाचं राज्य होतं, त्याविरुद्धच्या १८६३ च्या उठावात तिने सेनानी रोमुआल्द त्राउगुत्तला आसरा दिला, स्वतःच्या गाडीतून सीमेपर्यंत पोचवलं. नवऱ्याला हद्दपारी झाली, ती मात्र मागे राहिली. मिळकत जप्त झाली, लग्न १८६९ मध्ये रद्द झालं, माहेरची वाडीही विकावी लागली. मग ग्रोद्नो शहरात राहून तिने लेखणीवर पोट भरलं. व्हिल्नो शहरात काढलेली प्रकाशनसंस्था रशियन सरकारने बंद पाडली, तिच्यावर पोलिसांची नजर बसवली. तरी ‘नाद न्येम्नेम’, म्हणजे ‘न्येमेनच्या काठी’, ही कादंबरी लिहिलीच. त्या न्येमेन नदीकाठची झाडंझुडपं तिने जमवली, खेडुतांच्या तोंडची त्यांची नावं टिपून ठेवली. हे मला फार आवडतं. १९०५ मध्ये नोबेलसाठी तिचं नाव होतं, मिळालं दुसऱ्या पोलिश कादंबरीकाराला, शेन्क्येविचला.

मुलगा चांगला आहे, मला तो मनापासून आवडला. त्याच्यावर अविश्वास म्हणून हे लिहीत नाही. हॉल मिळायचा तर मार्गशीर्षातही मिळेल, मी त्याच्या आईशी बोलते. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती, ते तेवढं कळव. पुस्तक दादाबरोबर पाठवते आहे.

तुझी,
आई