त्रिकोण कापायचेच नाहीत गं आई

प्रिय आई,

परवा तू विचारलंस ना, गोधडीसाठी एवढे त्रिकोण कापून जोडत बसतेस तरी कशी, आणि मी सांगायला लागले तर फोन कट झाला, म्हणून म्हटलं लिहूनच काढते. तर मुळात त्रिकोण कापायचेच नाहीत! त्रिकोण कापला की तिरकी कड उरेब, म्हणजे विणीला तिरपी येते आणि उरेब कापड कसं ओढलं जातं ते तुला मी काय सांगणार. म्हणून आधी शिवायचं, मग कापायचं.

10 इंचाचे दोन चौकोन घ्यायचे, एक फिका एक गडद, एकावर एक ठेवून दोन्ही कर्ण पेन्सिलीने आखायचे आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारायची. मग मधोमध उभं आडवं कापायचं, शेवटी कर्णांवर. आठ तुकडे होतात, उघडला की प्रत्येक चौकोन अर्धा फिका अर्धा गडद. ते साडेचार इंचाला छाटायचे, ओळीत शिवल्यावर चार इंच उरतात. माझी मांडणी आडवी 16 आणि उभी 20, म्हणजे 320 चौकोन, म्हणजे 40 जोड्या. बाबांना सांग, हिशोब तपासा.

कापड बाटिकचं आहे, म्हणजे मेणाने नक्षी झाकून रंगवलेलं. मेण कापडात आरपार मुरतं आणि मग अख्खं कापडच रंगात बुडवतात, त्यामुळे सुलट उलट बाजू जवळजवळ सारखीच दिसते. इंडोनेशियातल्या जावामध्ये मेण लावायच्या तांब्याच्या ठशाला म्हणे चापच म्हणतात, आपला छाप आठवला मला एकदम. सुलट बाजू शोधत बसायला नको म्हणून मी खूश होते, पण वीण इतकी घट्ट की साधी सुई टक टक आवाज करायला लागली, मग बारीक टोकाची घातली. आणि उसवलं की भोकं तशीच दिसत राहतात, हे मला उसवल्यावर कळलं.

उसवायला का लागलं, तर पहिली ओळ साडेचौसष्ट इंच यायला हवी होती, ती साडेबासष्टच्या जरा वर आली. तीनदा मोजली, टेप बदलून पण मोजली. टीप अर्ध्या सुताने (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत जात होती, बाकी काही नाही, पण दोन्ही तुकड्यांतून धरलं तर दर सांध्याला एक सूत जातं आणि एका ओळीत सांधे 15. पाव इंचाला दोराभर कमीच शिवायचं असतं, कारण सांधा दाबला की घडीतच दोराभर कापड जातं. आता मशीनवर जाड टेपची पट्टी चिकटवलीय, त्याला कड लावून शिवते. इस्त्री पण फिरवायची नाही, नुसती ठेवायची उचलायची, फिरवली की चौकोनाचा पतंग होतो.

खरी पंचाईत मात्र रंगांनी केली. निळा आणि जांभळा मी फिका गडद म्हणून जोडले, डोळ्याला छान वेगळे वाटत होते, मांडल्यावर त्रिकोण दिसेचनात, सगळा नुसता गढूळ पट्टा. मग मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला तर दोन्ही सारखेच करडे! त्यात बाटिकच्या एकाच तुकड्यात रंग इकडे गडद तिकडे फिका. सहा जोड्या बाजूला काढल्या, त्यांच्या उशा करीन.

आता 9 ओळी झाल्यात. गडद लाल अजून धुतलेला नाही, त्याचा रंग जाईल अशी धाकधूक आहे, एक तुकडा पांढऱ्या रुमालाबरोबर भिजवून ठेवलाय. आणि सातव्या ओळीत एक त्रिकोण उलटा लागलाय, तो मी उसवणार नाहीये, भोकं दिसतील. ताईला सांगू नकोस, ती आधी तोच शोधेल.

तुझी,
धाकटी